मरतुकीची खबर : प्रस्तावना

नवापूरच्या रेल्वे स्टेशनातून दोन राज्यांची हद्द जाते. स्टेशनाचा एक भाग महाराष्ट्रात आहे, दुसरा गुजरातेत. प्रवासी तिथल्या बाकावर बसून हौसेने फोटो काढून घेतात. याच मार्गावर नंदुरबारच्या बाजूला चिंचपाडा आहे. इथला ऊसतोड मजूर दिवाळीच्या आसपास बायकापोरांसह दक्षिण गुजरातेत उतरतो आणि उन्हाळ्यात परततो. कोंबड्या, अंडी, खाद्याच्या गोण्या आणि ताप हे सगळे त्याच हद्दीवरून रोज ये-जा करतात. नोंदी मात्र ती ओलांडत नाहीत. अलीकडचा ताप मुंबईच्या हिशेबात धरला जातो, पलीकडचा गांधीनगरच्या. रोगाची चाहूल आधी कशी लागते, लागलेली चाहूल पुढे का जात नाही, हे समजून घ्यायला नवापूर तालुक्याइतका बोलका मुलूख महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

१८ फेब्रुवारी २००६ रोजी भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेचा अहवाल जाहीर झाला. नवापूरच्या पोल्ट्री शेडमधून गेलेल्या नमुन्यांत एच५एन१ हा बर्ड फ्लूचा विषाणू सापडला होता. भारतातली ती पहिली नोंद. त्यानंतर जे झाले ते टीव्हीने देशभर दाखवले: पांढऱ्या पोशाखातली पथके, तीन किलोमीटरच्या वर्तुळातल्या लाखो कोंबड्यांची कत्तल, जेसीबीने खोदलेले खड्डे, चुन्याच्या गोण्या. माणसांचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत तपासले गेले आणि एकालाही लागण झाल्याचे निष्पन्न झाले नाही. मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यात घरगुती कोंबड्यांत हाच रोग निघाला. ऑगस्टमध्ये देश रोगमुक्त जाहीर झाला. सरकारी इतिहास इथे संपतो.

या पुस्तकाला त्या तारखेच्या आधीचे दिवस महत्त्वाचे वाटतात. शेडमध्ये कोंबड्या पडायला जानेवारीच्या अखेरीलाच सुरुवात झाली होती. बहुतेकांनी ती मानमोडी, म्हणजे राणीखेत समजली. हा समज अडाणीपणाचा नव्हता. मानमोडीत कोंबड्या झपाट्याने मरतात, अंडी घटतात, पक्षी मान टाकतो. बर्ड फ्लूतही जवळपास हेच दिसते. मानमोडी इथल्या प्रत्येक पोल्ट्रीवाल्याने पाहिलेली होती, बर्ड फ्लू या देशात कोणीच पाहिलेला नव्हता. ओळखीच्या रोगाचे नाव आधी तोंडात येते, ते डॉक्टरांच्याही येते. शंका भोपाळच्या अहवालात उतरेपर्यंत सुमारे तीन आठवडे गेले. त्या काळात अंड्यांचे ट्रे, खाद्याच्या गाड्या, मेलेले आणि अर्धमेले पक्षी रस्त्यावरून फिरत होते. धोक्याची खूण पहिल्या दिवशीच शेडमध्ये पडलेली होती. ती रोज सकाळी गोळा करून बाहेर टाकणारा गडीही होता. त्याला कोणी विचारले नाही, आणि त्याने सांगितले असते तर कुठे, याचे उत्तरही कोणाकडे नव्हते.

पूर्वसूचनेची यंत्रणा म्हटले की डोळ्यांसमोर उपग्रह, भोंगे, संगणकावर लाल होणारे नकाशे येतात. ती यंत्रणेची वरची टोके आहेत. खाली तिचे काम साधे असते: कोणाच्या तरी नजरेला वेगळे दिसावे, त्याने ते सांगावे, ऐकणाऱ्याने खरे मानावे आणि मानल्यावर वेळेत हलावे. दिसणे माणसाला जमते. हलणेही उशिरा का होईना जमते. तुटते ते बहुधा सांगण्यापाशी, कारण सांगण्याची किंमत सांगणाऱ्याला मोजावी लागते. हे या पुस्तकाचे मुख्य म्हणणे आहे आणि इतिहास त्याच्या बाजूने साक्ष देतो.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रुग्ण ओळखला, तेव्हा त्यांच्यावर सहजासहजी कोणी विश्वास ठेवला नाही. व्यापारी शहराला प्लेगचे नाव परवडणारे नव्हते. दोन वर्षांनी पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने उंदीर, पिसू आणि माणूस ही साखळी मांडली. महाराष्ट्रातल्या खेड्यांना मात्र तिचा अर्धा भाग अनुभवाने कळू लागला होता. घरात उंदीर पडू लागले की लोक गाव सोडून शेतात झोपड्या घालून राहत. ही आपल्याकडची खरी पूर्वसूचना यंत्रणा होती. तिला कागद लागत नव्हता आणि खूण दिसल्यापासून हालचाल होईपर्यंत एखादाच दिवस जात होता.

त्याच काळात पुण्यात उलटे घडले. १८९७ मध्ये प्लेग अधिकारी रँडच्या कारभारात सोल्जर घराघरांत शिरून रुग्ण हुडकू लागले. रुग्ण सापडला की माणूस छावणीत, कुटुंब वेगळे, सामानाची जाळपोळ. परिणाम असा झाला की लोक आजारी माणसे लपवू लागले, प्रेतेही लपवू लागले. शहरात प्लेग किती आहे हे शोधायला निघालेल्या सरकारने ते कळण्याची वाटच बुजवून टाकली. जिथे खबरीचे फळ शिक्षा असते तिथे खबर मिळत नाही, हा धडा त्या वर्षाने दिला आणि तो पुढे अनेकदा विसरला गेला.

दुसरी परंपरा दुष्काळाची. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळानंतर नेमलेल्या आयोगाने १८८० मध्ये अहवाल दिला आणि त्यातून प्रांतोप्रांतीच्या दुष्काळ संहिता तयार झाल्या. धान्याचे भाव, लोकांचे भटकणे, वाढत्या चोऱ्या यांवर कलेक्टरांनी लक्ष ठेवायचे. शंका आली की आधी चाचणीपुरते काम काढायचे आणि कमी मजुरीवरही किती माणसे खडी फोडायला येतात ते पाहायचे. माणसे आली म्हणजे भूक खरी. जगातल्या आरंभीच्या लेखी पूर्वसूचना पद्धतींत या संहितांची गणना होते. हेतू खर्च वाचवण्याचा होता हे खरे, पण त्यातली एक कल्पना मोलाची होती: लोक तोंडाने सांगत नसतील तर त्यांच्या पावलांकडे पाहा. पिकाचा उतारा आजमावणाऱ्या आपल्या आणेवारीची, आताच्या पैसेवारीची, गोष्टही याच कुळातली. पन्नास पैशांच्या आत की बाहेर, यावर सवलती ठरतात. ज्या आकड्यावर पैसा ठरतो तो आकडा दोन्हीकडून ओढला जातो, आणि अंतिम पैसेवारी हातात येते तोवर डिसेंबर उजाडलेला असतो. तोपर्यंत नवापूरचा मजूर गुजरातेतल्या फडावर पोचलेला असतो. त्याच्या जाण्याने दिलेली सूचना कोणत्याही रकान्यात नसते.

१९९४ साल या भागाला विसरता येणार नाही. ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात पिसवांचा उपद्रव आणि उंदीर पडल्याच्या तक्रारी आल्या, मग गाठीच्या प्लेगचे रुग्ण निघाले. सप्टेंबरमध्ये सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगचा गाजावाजा झाला आणि काही दिवसांत लाखो लोकांनी शहर सोडले. ज्या मार्गांनी ते पांगले त्यांत आपला ताप्ती खोऱ्याचा रेल्वेमार्गही होता. भारतात माणसातल्या प्लेगची त्याआधीची नोंद १९६६ ची. अठ्ठावीस वर्षे शांततेत गेली की पहारेकरी निवृत्त होतात, नव्याने भरले जात नाहीत, उंदरांच्या पिसवा मोजणारी माणसे अनावश्यक वाटू लागतात. पूर्वसूचनेच्या कामाचा हा मोठा शाप आहे. काम चांगले झाले की काहीच घडत नाही, आणि काहीच घडत नाही म्हणून पैसे कापले जातात.

पोलिओच्या मोहिमेने या शापावर उतारा शोधला, आणि माझ्या मते या क्षेत्रातली ती सर्वांत सुंदर कल्पना आहे. पंधरा वर्षांखालच्या कोणत्याही मुलाच्या हातापायात अचानक लुळेपणा आला की कारण काहीही असो, कळवायचे, आणि चौदा दिवसांत शौचाचे दोन नमुने पाठवायचे. पोलिओ नसतानाही इतर कारणांनी काही मुले लुळी पडतातच. त्यांचे किमान प्रमाण ठरलेले होते. एखाद्या जिल्ह्यातून तितक्या मुलांची खबर आली नाही, तर ‘आमच्याकडे पोलिओ नाही’ हे त्याचे म्हणणे ग्राह्य धरले जात नसे. त्याचे जाळे फाटले आहे असे समजले जाई. खोट्या ठरलेल्या खबरींनाच कामाचा पुरावा मानणारी ही व्यवस्था होती. देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा, हावड्याचा. मार्च २०१४ मध्ये प्रमाणपत्र मिळाले. नवापूर तालुक्यात कोंबड्यांच्या मरतुकीसाठी असाच नियम असता, वर्षभरात मानमोडीच्या अमुक इतक्या खबरी आल्याच पाहिजेत असे कोणी ठरवले असते, तर २००६ चा जानेवारी वेगळा गेला असता असे मला मनापासून वाटते.

आज या क्षेत्रात जे प्रवाह आहेत ते याच मुळांतून फुटले. पहिला मोजणाऱ्यांचा. ठराविक फॉर्म, ठराविक आठवडा, ठराविक रोग. नेहमीच्या आकड्यापेक्षा आकडा चढला की घंटा. आपल्याकडे नोव्हेंबर २००४ मध्ये सुरू झालेला एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम या घराण्यातला. नवापूरची घटना घडली तेव्हा तो जेमतेम सव्वा वर्षाचा होता, आणि त्याचे डोळे माणसांच्या रोगांकडे लागलेले होते. कोंबड्या दुसऱ्या खात्याच्या. दुसरा प्रवाह ऐकणाऱ्यांचा. अफवा, बातमी, बाजारातली कुजबुज यांतून धागा पकडायचा. १९९४ मध्येच सुरू झालेल्या प्रोमेड या ईमेल-जाळ्याने जगभरच्या डॉक्टरांना त्यासाठी जोडले. तिसरा प्रवाह प्राण्यांकडे पाहतो. शिमोग्याच्या जंगलात १९५७ मध्ये ओळखला गेलेला माकडताप गेल्या दशकात गोव्याच्या सत्तरीत आणि सिंधुदुर्गाच्या बांदा-दोडामार्ग भागात पोचला. तिथे रानात माकड मेलेले दिसले की वनखात्याला आणि आरोग्य केंद्राला कळवावे, असे काजूच्या बागेत जाणाऱ्यांना सांगितले जाते. चौथा प्रवाह गटाराकडे वळला. मुंबईत २००१ पासून सांडपाण्यात पोलिओचा विषाणू शोधला जातो. कोविडनंतर ही पद्धत सर्वांच्या परिचयाची झाली. गटाराला लाज नसते आणि नुकसानीची भीतीही नसते, म्हणून ते खरे बोलते.

गणिती भाकिते करणाऱ्यांचा प्रवाहही जोरात आहे. त्याबद्दल मी थोडा सावध आहे. लोक इंटरनेटवर काय शोधतात यावरून फ्लूची साथ ओळखण्याचा गूगलचा उपक्रम २००८ मध्ये मोठ्या गाजावाजाने आला, २०१२-१३ च्या हंगामात त्याने साथ फारच फुगवून सांगितली आणि २०१५ मध्ये तो बंद झाला. धडगावच्या डोंगरातल्या आईने मुलाच्या तापाबद्दल फोनवर काही शोधले नाही म्हणजे ताप नाही, असे समजणारे यंत्र आपल्या कामाचे नाही.

आणि एक घराणे आपल्या मातीतले आहे, त्याबद्दल अधिक लिहिले पाहिजे. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्या, बहुधा निरक्षर, बायकांना आरोग्याचे शिक्षण दिले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी बाळाच्या श्वासाची गती मोजायला मण्यांचे साधे साधन गावातल्या कार्यकर्त्यांच्या हाती दिले. श्वास जलद म्हणजे न्यूमोनिया, उपचार घरातच सुरू. पुढे घरोघरी नवजात बाळांची काळजी घेणाऱ्या त्यांच्या पद्धतीने नवजात मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि आज आशाताई देशभर जे करतात त्याचा पाया घातला गेला. या कामाकडे आपण उपचाराचे काम म्हणून पाहतो. मला त्यातले दुसरे अंग मोठे वाटते. इथे पाहणारी, सांगणारी आणि हालचाल करणारी व्यक्ती एकच होती. मधला सांगण्याचा टप्पाच गळाला, आणि त्याबरोबर तिथली गळतीही थांबली. २००१ मध्ये ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने महाराष्ट्रातले बालमृत्यू सरकारी नोंदींपेक्षा कितीतरी अधिक असल्याचे दाखवले. तेही गावात राहून मोजणाऱ्या संस्थांनाच शक्य झाले. नोंद कमी असली की कर्मचाऱ्याला शाबासकी आणि जास्त असली की नोटीस, असा कारभार असेल तर कागदावर मुले मरत नाहीत.

म्हणून नुकसानभरपाईचा प्रश्न या पुस्तकात पुन्हापुन्हा येतो. वाचकाला तो विषयाबाहेरचा वाटू नये. नियम असा की सरकारी पथकाने मारलेल्या पक्ष्याची भरपाई मिळते, आधीच मेलेल्याची नाही. कागदावर हे शहाणपणाचे आहे. लवकर कळवणाऱ्याचे जास्त पक्षी भरपाईत बसतात. पण शेडच्या दारात उभे राहून पाहा. एका मालकाने कळवले की वर्तुळ आखले जाते. २००६ मध्ये ते तीन किलोमीटरचे होते, २०२१ च्या आराखड्यात एक किलोमीटरचे. त्या वर्तुळात शेजाऱ्याच्या धडधाकट कोंबड्याही येतात. भरपाई मिळाली तरी पुढचे कित्येक महिने शेड रिकामे, बँकेचा हप्ता चालू, मजुरांना काम नाही, आणि बाजारात तालुक्याचे नाव बदनाम. त्यामुळे खबर द्यायची की नाही हा एकट्या मालकाचा निर्णय राहत नाही. त्यावर सगळ्या वर्तुळाचे डोळे असतात. आदिवासी पाड्यावर प्रश्न आणखी बिकट होतो. तिथे दहा-बारा गावरान कोंबड्या म्हणजे दवाखान्याचा खर्च, पाहुण्यांचे जेवण, शाळेची वही. पथक येणार असे कळले की त्या रातोरात नातेवाइकाच्या गावी जातात, आणि रोगही त्यांच्याबरोबर जातो. हा गुन्हा म्हणून पाहायचा की पुण्यातल्या १८९७ च्या लपवालपवीसारखा, हे ठरवल्याशिवाय कोणतीही यंत्रणा उभी राहणार नाही. मी तो दुसऱ्या प्रकारात धरतो.

हे सगळे आत्ताच सांगण्याचे कारण आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये नवापुरात पुन्हा बर्ड फ्लू आला आणि पुन्हा लाखो पक्षी मारावे लागले. २०२२ ची गुरांच्या लम्पी रोगाची साथ महाराष्ट्रात आधी दिसली ती ऑगस्टमध्ये, आपल्याच खान्देशात, रावेर तालुक्यात. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरजवळच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या एच५एन१ ने दगावले. त्यानंतर लगेच लातूर जिल्ह्यातल्या उदगिरात कावळे पडले, तेही त्याच रोगाने. अमेरिकेत २०२४ पासून हा विषाणू दुभत्या गायींत पसरला आहे. कोंबडीचा रोग कोंबडीपुरता राहण्याचे दिवस सरत आले आहेत, आणि पशुसंवर्धन, आरोग्य, वन या तीन खात्यांची कार्यालये अजून आपापल्या रजिस्टरात स्वतंत्रपणे लिहीत आहेत. ‘एक आरोग्य’ ही घोषणा दिल्लीत झाली आहे. तालुक्याच्या ठिकाणी तिचा अर्थ इतकाच होऊ शकतो की पशुधन पर्यवेक्षक, आशाताई आणि वनरक्षक यांनी आठवड्यातून एकदा एकमेकांना फोन करावा.

हे अशक्य नाही, याचा दाखला याच जिल्ह्यात आहे. कोविडच्या पहिल्या लाटेत, सप्टेंबर २०२० मध्ये, नंदुरबारच्या जिल्हा रुग्णालयात ऑक्सिजनचा पहिला प्रकल्प उभा राहिला. जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी परदेशातल्या पुढच्या लाटांकडे पाहून आपली तयारी चालू ठेवली. एप्रिल २०२१ मध्ये मोठमोठी शहरे सिलिंडरसाठी धावत होती तेव्हा राज्यातल्या सर्वांत मागास गणल्या जाणाऱ्या या जिल्ह्याकडे स्वतःचा ऑक्सिजन होता. दूरची सूचना वाचून जवळची तयारी करणे याहून वेगळे काय असते?

या पुस्तकाची मांडणी चिंचपाड्याहून झाली, त्यालाही कारण आहे. इथे मिशनचा जुना दवाखाना आहे, जवळपासच्या पाड्यांवरचे आणि दूरचेही रुग्ण तिथे येतात, रेल्वे आहे, आश्रमशाळांचा परिसर आहे, महाराष्ट्र-गुजरातची हद्द हाकेच्या अंतरावर आहे. मावची, कोकणी, भिलोरी, गुजराती आणि अहिराणी बोलणारी माणसे एकाच दवाखान्याच्या व्हरांड्यात भेटतात. आजाराची पहिली वाक्ये इथे या बोलींत बोलली जातात आणि फॉर्मवर जाईपर्यंत प्रमाण मराठीत किंवा इंग्रजीत बदलतात. त्या वाटेत काय गळते हे पाहणे हा आमच्या कामाचा एक भाग होता. म्हणून पुढच्या पानांवर शेडमध्ये काम करणारे मजूर, अंड्यांचे ट्रे वाहणारे चालक, आशा, अंगणवाडीताई, पशुवैद्यक आणि २००६ च्या पथकांत काम केलेले कर्मचारी स्वतःच्या शब्दांत बोलतात. तज्ज्ञांचे लेख आहेत, पण ते या बोलण्याच्या नंतर ठेवले आहेत आणि त्याला उत्तर म्हणून लिहून घेतले आहेत. पूर, वीज आणि दरड यांच्या पूर्वसूचना जाणूनबुजून बाहेर ठेवल्या. आभाळ आणि डोंगर यांना आपली खबर लपवण्याचे कारण नसते. इथे प्रश्न माणसांच्या बोलण्या-न बोलण्याचा आहे आणि त्याला सलग जागा हवी होती.

वाचकांना एक गोष्ट खटकेल. बोलणाऱ्यांपैकी कोणाचेही नाव छापलेले नाही, गाव ओळखू येईल असे तपशीलही काढून टाकले आहेत. काहींनी नाव द्यायला हरकत नसल्याचे सांगितले होते, पण त्यांच्या शेजाऱ्यांची होती. ज्यांच्या कोंबड्या दोनदा पुरल्या गेल्या त्यांतले काही आज पुन्हा शेड चालवतात, नवे पिलू टाकायला कर्ज काढतात आणि व्यापाऱ्याला तोंड देतात. ‘यानेच कळवले होते’ हे वाक्य इतक्या वर्षांनंतरही तालुक्यात कोणाच्या तरी विरुद्ध वापरले जाते. ते थांबेपर्यंत नावे आमच्याजवळ राहतील.

संपादक
चिंचपाडा, ता. नवापूर, जि. नंदुरबार